खसऱ्यापासून सर्व्हरपर्यंत

"फेरफार मंजूर आहे, पण ऑनलाइन दिसत नाही." हे वाक्य आता आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या भावाइतकंच ओळखीचं झालं आहे. बाहेरगावच्या भाचरांना वाटतं, हे संगणकाचं दुखणं. मला वाटतं दुखणं जुनंच आहे, नाव तेवढं नवं मिळालं.

थोडं मागे जाऊ. हा मुलूख मध्य प्रांतात होता तेव्हा पटवारी दोन तऱ्हेचे कागद ठेवायचा. खसरा शेतवार आणि जमाबंदी असामीवार. म्हणजे माहिती एकच. शेताकडून पाहिली की खसरा, माणसाकडून पाहिली की जमाबंदी. दोन्हींचा मेळ बसला की हिशेब बरोबर. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुढे १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला आणि खसऱ्याच्या जागी सातबारा रुजला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. जोडी मात्र तीच राहिली. सातबारा जमिनीचा आणि आठ-अ खातेदाराचा.

या दोहोंच्या मागे नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. कुणी वारलं किंवा विक्री झाली की आधी तिथे नोंद, मग नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. त्यानंतर सातबाऱ्यावर 'अंमल' द्यायचा आणि आठ-अ दुरुस्त करायचा. तीन ठिकाणी हात लागतो. एक ठिकाण राहिलं की नोंद मंजूर असूनही उताऱ्यावर नाव नसतं. आणि राहून जाणारं नाव बहुधा सासरी गेलेल्या बहिणीचं असतं, हे काही मी सांगायला नको.

मग हाताचे उतारे संगणकात भरले गेले. आधी तालुक्यापुरते, तहसिलीतल्या संगणकावर; नंतर ई-फेरफारमध्ये राज्याच्या सर्व्हरवर. एकच माणूस एका शेतावर आडनावासह, दुसऱ्यावर आडनावाशिवाय असेल, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं, दोन खाती. कुठे वाटेकऱ्यांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. यंत्राने हे सगळं पकडून दिलं, हा त्याचा मोठाच उपकार. पण दोन कागद जुळत नाहीत एवढंच यंत्र सांगतं. त्यातला खरा कोणता, हे सांगणं त्याच्या हातात नाही.

ते सांगायला शेवटी गावच लागलं. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. उतारा मोठ्याने वाचायचा, ज्याचं चुकलं त्याने तिथेच बोलायचं. इतक्या कोटींचे संगणक आणि सर्व्हर, आणि तपासणीची पद्धत मात्र आजोबांच्या काळातली! मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. बांध कुठे आहे आणि वारस किती, हे माहीत असणारी माणसं चावडीवरच भेटतात. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. तरीही लिहिण्यातली चूक राहिली असेल, तर अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि आणखी एक प्रत वाढली, ती शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात बांधीवर उभं राहून फोटो काढला तरी नेटवर्क मिळेपर्यंत तो फोनमध्येच. धान शेतात उभं असतं, पण नोंद सर्व्हरवर चढेपर्यंत सरकारी कागदात ते पेरलेलंच नसतं. खरेदी केंद्रावर धान विकायचं तर ही नोंद लागते. वर्षाची कमाई अशी चार दांड्यांच्या नेटवर्कला टांगलेली.

असो. आपल्या घराण्यातली बरीच मंडळी आता पुण्या-मुंबईला, काही परदेशात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: सातबारा आणि आठ-अ दोन्ही काढा आणि शेजारी ठेवून वाचा. नावं, क्षेत्र, फेरफार क्रमांक जुळवा. बहिणींची नावं आहेत का ते आधी बघा. आणि हे वाचन घरातल्या म्हाताऱ्यांसमोर, मोठ्याने करा. कोणता बांध कुणाचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांची दुसरी प्रत कुठल्याच सर्व्हरवर नाही.