डेशियसकालीन ख्रिस्ती छळ

रोमन सम्राट डेशियस (कार. २४९–२५१) याच्या आज्ञेमुळे ख्रिस्ती समाजाचा झालेला पहिला साम्राज्यव्यापी छळ. तत्पूर्वीचे छळ, इ. स. ६४ मधील आगीनंतर नीरोने रोममध्ये केलेला धरून, बहुतेक स्थानिक होते.

गॉथांची आक्रमणे व सत्तास्पर्धा यांनी साम्राज्य खिळखिळे झाले होते. देवतांची कृपा परत मिळावी म्हणून प्रजेने बळी अर्पण करावा, अशी आज्ञा डेशियसने काढली. तीत ख्रिस्ती धर्माचे नाव असल्याचा पुरावा नाही. पण एकेश्वरी श्रद्धेमुळे खरा पेच ख्रिस्ती लोकांपुढेच पडला. नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर मद्य ओतून, बळीचे मांस चाखून दाखला घ्यावा लागे. ईजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. त्यांतला एक पेतेसूकॉस या मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे, यावरून सक्तीची व्याप्ती कळते.

रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये मृत्यू पावला. वृद्ध विद्वान ऑरिजेनचे तुरुंगात हाल झाले. कार्थेजचा बिशप सिप्रियन अज्ञातवासात गेला व पत्रांद्वारे कारभार पाहू लागला. अनेकांनी भीतीने बळी दिला, काहींनी लाच देऊन दाखले मिळवले. त्यांना भेकड ठरवणे अन्यायाचे होईल. नकाराची किंमत तुरुंगवास, मालमत्तेची जप्ती किंवा मरण ही होती.

२५१ मध्ये डेशियस गॉथांशी लढताना मारला गेला. श्रद्धा सोडलेल्यांना परत घ्यावे काय, यावरून मात्र चर्चमध्ये फूट पडली. सिप्रियनने प्रायश्चित्तानंतर प्रवेशाचा मार्ग स्वीकारला. रोममधील नोव्हेशियनने तो नाकारून वेगळा पंथ काढला.