रान्जाताइ : जाळायचे की जपायचे?

जपानमधले सर्वांत प्रसिद्ध सुगंधी लाकूड जवळजवळ कोणीच हुंगलेले नाही. नारा येथील, पूर्वी तोदाइजी मंदिराच्या असलेल्या शोसोइन या प्राचीन भांडाराच्या संग्रहात ते जपलेले आहे. लांबी 156 सेंटिमीटर, वजन 11.6 किलो, नाव रान्जाताइ. मराठी कानाला एखाद्या ताईचे वाटावे असे हे नाव तीन चिनी अक्षरांत लिहितात आणि त्या अक्षरांच्या पोटात ‘तो-दाइ-जी’ ही मंदिराची अक्षरे दडलेली आहेत.

हे लाकूड अगरूचे. आपल्या अगरबत्तीच्या नावातला अगरू तो हाच. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली, की ते बचावासाठी राळ तयार करते. सुगंध त्या राळेचा. पण हे झाड मूळ आग्नेय आशियाच्या बाजूचे, जपानचे नव्हे. इ. स. 595 मध्ये आवाजी बेटाला एक ओंडका लागला, लोकांनी तो सरपणात घातला, वास दूरवर दरवळला आणि मग तो सम्राज्ञी सुइकोला अर्पण झाला, अशी नोंद ‘निहोन शोकी’ या ग्रंथात आहे.

समुद्रापलीकडून येणारी वस्तू पुरवून वापरावी लागते. पंधराव्या शतकात, शोगुन आशिकागा योशिमासाच्या काळात, सुगंधाची कला आकाराला आली, तिच्यामागे ही टंचाईही असावी, असे मला वाटते. राखेत पुरलेला निखारा, वर अभ्रकाची चकती, तिच्यावर अगरूची इवलीशी ढलपी. लाकूड जळत नाही, नुसते तापते. हा गंध जपानी भाषेत हुंगत नाहीत, ‘ऐकतात’.

रान्जाताइवर कापल्याच्या जागी चिठ्ठ्या आहेत : योशिमासा, ओदा नोबुनागा, सम्राट मेइजी. नोबुनागाने 1573 मध्ये शोगुनला क्योतोतून हुसकावले आणि पुढच्याच वर्षी हे लाकूड कापून घेतले. सत्ता आता कोणाकडे, हे सांगायला ती ढलपी पुरेशी होती. मेइजींचा तुकडा 1877 चा.

तलवार हजार वेळा पाहता येते. गंध मात्र एकदा अनुभवला की तेवढे लाकूड संपते. चंदनाने झिजावे, असे आपण म्हणतो. रान्जाताइ झिजले नाही, म्हणूनच उरले. त्याच्यावरच्या चिठ्ठ्या कापणाऱ्यांची नावे सांगतात; त्यांनी काय ‘ऐकले’, ते सांगत नाहीत.