खेळातील दुखापती व दायित्व

खेळातील दुखापती व दायित्व : खेळताना झालेल्या शारीरिक इजेबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आणि ती देण्याची जबाबदारी यांविषयीचा अपकृत्य विधीचा भाग. खेळात उतरणारा त्यातील धोका जाणूनच उतरतो, तेव्हा इजेचा भार त्यानेच सोसावा, हे एक तत्त्व. ज्याच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली त्याने ती भरून द्यावी, हे दुसरे. या दोन तत्त्वांच्या संघर्षातून हा विधी घडत आला आहे. जखमी खेळाडू अज्ञान असला म्हणजे प्रश्न अधिक बिकट होतो. धोक्याची पूर्ण जाणीव त्याला असतेच असे नाही. मैदान, साधने व प्रशिक्षक यांची निवड तो करीत नाही आणि शाळेतील सक्तीच्या खेळात भाग न घेण्याचे स्वातंत्र्यही त्याला क्वचितच असते. उलटपक्षी, प्रत्येक अपघातासाठी कोणाला तरी दोषी धरले, तर मुलांना खेळविण्यास कोणी पुढे येणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

प्राचीन विचार : हा प्रश्न अतिशय जुना आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्सचा वक्ता अँटिफॉन याने वक्तृत्वाभ्यासासाठी रचलेल्या एका भाषणमालिकेत व्यायामशाळेतील भालाफेकीचा प्रसंग घेतला आहे. एक तरुण भालाफेकीचा सराव करीत असता एक मुलगा भाल्याच्या मार्गात येतो व मरण पावतो. फेकणारा आपल्या जागेवरून नियमानुसार भाला फेकीत होता, म्हणून चूक धावत आलेल्या मुलाची, असा बचाव मांडला जातो. तर भाले गोळा करण्यासाठी प्रशिक्षकानेच मुलाला बोलाविले होते, याकडे फिर्यादी पक्ष लक्ष वेधतो. खेळाडू, जखमी आणि प्रशिक्षक या तिघांमधील दोषाची वाटणी हा आधुनिक दाव्यांचा गाभा येथे स्पष्टपणे आढळतो. अशाच एका दुर्घटनेत दोष भाल्याचा, तो फेकणाऱ्याचा, की स्पर्धेच्या आयोजकांचा, यावर पेरिक्लीझ व प्रोटॅगोरस यांनी दिवसभर चर्चा केल्याचे प्लूटार्कने नमूद केले आहे.

रोमन विधीत इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अक्विलियन कायद्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार झाला. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियनच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या विधिसंग्रहात अनेक मार्मिक दृष्टांत आहेत. सार्वजनिक कुस्तीत वा मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धी मारला गेला, तर कृती कीर्तीसाठी व शौर्यासाठी झालेली असल्याने दायित्व नाही. मात्र हार मानलेल्यावर वार केल्यास दायित्व येते. भालाफेकीसाठी राखलेल्या मैदानातून अवेळी जाणाऱ्यास भरपाई नाही. परंतु त्याच्यावर हेतुपुरस्सर नेम धरणारा सुटत नाही. चेंडू न्हाव्याच्या हातावर आदळून वस्तऱ्याने गिऱ्हाइकाचा गळा कापला गेल्याचा दृष्टांतही प्रसिद्ध आहे. खेळाच्या नेहमीच्या जागी दुकान मांडणाऱ्या न्हाव्याकडे दोष जातो, असे एक मत. तर अशा जागी स्वतःला न्हाव्याच्या हाती सोपविणाऱ्याने स्वतःलाच बोल लावावा, असे दुसरे.

इंग्लिश विधी : ‘संमती देणाऱ्यास अपाय होत नाही’ हे रोमन विधीतून आलेले सूत्र इंग्लिश न्यायालयांनी स्वीकारले. त्याच्या जोडीला दुसरा कठोर नियम होता : जखमी व्यक्तीचा स्वतःचा थोडासाही निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास तिची मागणी सर्वस्वी फेटाळली जाई. १९४५ च्या अधिनियमाने हा नियम बदलला आणि दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आली. शाळेच्या बाबतीत १८९३ साली अपील न्यायालयाने असे मानले, की शिक्षकाने काळजीवाहू पित्याइतकी दक्षता बाळगली पाहिजे. तो खटला खेळाचा नव्हता. एका शाळेत फॉस्फरसने मुलगा भाजल्याचा होता. तथापि क्रीडांगणावरील दक्षतेचे मापही पुढे त्याच कसोटीवरून ठरू लागले.

रग्बीतील तीन निर्णय या संदर्भात महत्त्वाचे आहेत. १९८४ च्या निर्णयात, मुलांबरोबर स्वतः खेळताना एका १५ वर्षांच्या विद्यार्थ्याला खांद्यावर पकडून पाडणाऱ्या शिक्षकास दोषी धरण्यात आले; प्रौढाने आपले वजन व बळ यांचे भान ठेवले पाहिजे, हा त्याचा आशय. १९८९ च्या निर्णयात मात्र, प्रतिस्पर्ध्याला अडविताना जबर जखमी झालेल्या १६ वर्षांच्या विद्यार्थ्याचा दावा फेटाळला गेला. शाळेचे प्रशिक्षण सदोष नव्हते आणि विद्यार्थ्यांचा विमा उतरविणे किंवा त्याविषयी पालकांना सल्ला देणे हे शाळेचे कायदेशीर कर्तव्य नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. तिसऱ्या प्रकरणात, १९९१ मधील १९ वर्षांखालील मुलांच्या सामन्यात स्क्रम पुनःपुन्हा कोसळून १७ वर्षांचा खेळाडू कायमचा पंगू झाला. सुरक्षेचे नियम न पाळल्याबद्दल पंच दायी ठरला व १९९६ च्या अखेरीस अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. खेळाडूने खेळास संमती दिली होती, पंचाच्या नियमभंगास नव्हे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. प्रतिस्पर्धी खेळाडू मात्र या खटल्यात दोषमुक्त ठरला.

मुलांचे स्वतःचे दायित्व : बालकाने कितपत काळजी घ्यावी, याचे माप त्याच्या वयावरून ठरते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढील १९६६ च्या खटल्यात १२ वर्षांच्या मुलाने लाकडी खांबावर फेकलेली टोकदार धातूची सळई उसळून एका मुलीच्या डोळ्यात गेली. त्या वयाच्या सामान्य मुलाकडून जेवढ्या दूरदृष्टीची अपेक्षा करता येईल तेवढीच या मुलाकडून करता येते, असे मानून न्यायालयाने त्याला दोषी धरले नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी लुटुपुटीची तलवारबाजी करणाऱ्या १५ वर्षांच्या दोन मुलींच्या प्रकरणात हीच कसोटी लागू करण्यात आली.

अमेरिका : न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९२९ मध्ये, करमणूक उद्यानातील फिरत्या पट्ट्यावरून पडून गुडघा मोडलेल्या तरुणाचा दावा नाकारला. पडण्याचा धोका हाच त्या करमणुकीचा हेतू असून तो उघड आहे, अशी न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांची भूमिका होती. ‘धोक्याचा स्वीकार’ या तत्त्वाचा हा नमुनेदार निर्णय होय. १९७५ मध्ये इलिनॉयच्या न्यायालयाने त्याला मर्यादा घातली. शालेय वयाच्या हौशी फुटबॉलपटूंच्या सामन्यात चेंडू हाती असलेल्या गोलरक्षकाच्या डोक्याला लाथ लागली होती. खेळाडूंच्या संरक्षणासाठी केलेल्या नियमाचा बेदरकारपणे भंग करणारा दायी ठरतो, असे न्यायालयाने मानले. खेळाच्या ओघातील साधी चूक व बेदरकार वर्तन यांतील ही सीमारेषा पुढे अनेक राज्यांनी मान्य केली.

भरपाईचा हक्क सोडून देणाऱ्या, पालकांकडून आगाऊ सही करून घेतलेल्या पत्रकांविषयी मतभेद आहेत. मुलाचा हक्क पालकाला असा सोडता येत नाही, असे वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरविले. तर स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेपुरती अशी सही बंधनकारक असल्याचे ओहायओने १९९८ मध्ये मान्य केले. १९९७ च्या संघीय कायद्याने विनानफा संस्थांच्या स्वयंसेवकांना साध्या निष्काळजीपणाबाबत संरक्षण दिले. इंग्लंडमध्येही, सावधगिरीच्या अपेक्षेने इष्ट उपक्रम बंद पडतील काय याचा विचार न्यायालयांनी करावा, अशी तरतूद २००६ च्या अधिनियमात आहे.

भारतातील स्थिती : भारतात अपकृत्य विधी बहुतांशी असंहिताबद्ध असून तो इंग्लिश तत्त्वांवर आधारित आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये मृत्यू वा जबर दुखापत यांचा उद्देश नसलेल्या कृतीला संमती हा बचाव मानलेला होता व त्याचे उदाहरण करमणुकीच्या तलवारबाजीचेच होते. मात्र ही संमती १८ वर्षांवरील व्यक्तीची असावी लागे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये हीच तरतूद आहे. १८७२ च्या संविदा अधिनियमानुसार अज्ञानास करार करण्याची पात्रता नाही आणि त्याचा करार शून्य होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये दिला. त्यामुळे मुलाने स्वतः लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रास अर्थ उरत नाही. शाळांच्या कर्तव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निर्णय मार्गदर्शक आहे. १९९५ मध्ये शालेय सहलीत बिआस नदीत बुडालेल्या १४ विद्यार्थ्यांच्या पालकांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने कायम केला.

महाराष्ट्रात हा प्रश्न दहीहंडीच्या निमित्ताने पुढे आला. वरच्या थरांवर हलकी, म्हणजे लहान वयाची मुले चढविली जात. पडल्यास त्यांनाच जीवघेणी इजा होई. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालील गोविंदांस मनाई केली व मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली. २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना भाग घेऊ न देण्याचे राज्य शासनाने मान्य केले आणि उंचीबाबत निर्बंध घालण्यास न्यायालयाने नकार दिला. २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देऊन मृत्यू व गंभीर इजा यांसाठी अर्थसाहाय्य जाहीर केले.

फलित : दाव्यांचा उपयोग केवळ भरपाईपुरता राहिलेला नाही. डोके पुढे करून धडक देण्यास अमेरिकन फुटबॉलमध्ये १९७६ साली बंदी आली व मानेच्या गंभीर इजांत लक्षणीय घट झाली. डोक्याला मार लागलेल्या शालेय खेळाडूस वैद्यकीय परवानगीवाचून मैदानात परतू न देणारा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये प्रथम केला. तथापि दाव्यात दोष सिद्ध करावा लागतो. दोष कोणाचाच नसेल, तर आयुष्यभराच्या शुश्रूषेचा भार कुटुंबावर पडतो. १९८९ च्या उपर्युक्त निर्णयाने हेच दाखवून दिले. न्यूझीलंडने १९७४ पासून दोषाचा प्रश्न बाजूस ठेवून सर्व अपघातांसाठी सार्वजनिक भरपाईची योजना सुरू केली व वैयक्तिक इजेचे दावे जवळजवळ बंद केले. इतर देशांत सामुदायिक विमा हा मधला मार्ग होय. वैयक्तिक जबाबदारीचे तत्त्व सज्ञान खेळाडूच्या बाबतीत ठामपणे लागू करता येते. अज्ञान खेळाडूच्या बाबतीत मात्र ते त्याचे वय, त्याला मिळालेले शिक्षण आणि त्याला उपलब्ध असलेली निवड यांच्या मर्यादेतच लागू होते, असा या दीर्घ विकासक्रमाचा निष्कर्ष आहे.