मिरची, निखारा आणि अर्धा तास

वसंतातल्या व्याख्यानमालेत भाजण्या-कुटण्याचा विषय घ्यावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. अशा व्यासपीठावरून राज्यांचे, संतांचे आणि ग्रंथांचे इतिहास सांगितले जातात. परंतु चैत्र-वैशाख हाच आपल्याकडे मिरच्या वाळत घालण्याचा आणि मसाला कुटण्याचा मोसम आहे. या दिवसांत लालबागच्या मसाला बाजारातून चालत जाऊन पाहा. ठसका लागल्यावाचून आणि डोळ्यांतून पाणी आल्यावाचून माणूस बाहेर पडत नाही. कामगार चळवळीत वावरणाऱ्याला एक खोड जडते. वस्तू समोर आली की ती कोणी केली, किती वेळात केली आणि त्या मेहनतीचे कोणाला काय मिळाले, हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. आज हेच तीन प्रश्न मी मिरचीला आणि निखाऱ्याला विचारणार आहे.

प्रथम मिरची. ही आपल्या मातीतली नव्हे, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. तिचे मूळ घर अमेरिका खंड. १४९२ साली कोलंबस निघाला तो काळ्या मिरीच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला मिरी मिळाली नाही, पण तिच्याहून तिखट असे एक फळ मिळाले. तेथील लोक त्याला ‘अजी’ म्हणत. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोचले आणि १५१० साली त्यांनी गोवा घेतला. त्यांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. याचा अर्थ असा की, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा महाराष्ट्रातल्या एकाही चुलीपाशी मिरची नव्हती. जेवणाला तिखटपणा येई तो मिरी, आले, मोहरी, पिंपळी यांनी. ‘मिरची’ हा शब्ददेखील आपण जुन्या मिरीवरूनच बेतून घेतला. पाहुणीला घरच्या मुलीचे नाव द्यावे, तसे हे झाले.

मग चारशे वर्षांत ती इतकी घरची कशी झाली? याचे उत्तर मला तिच्या चवीपेक्षा तिच्या शेतीत सापडते. मिरीचा वेल मलबारच्या दमट हवेत वाढतो, त्याला आधाराला झाड लागते, आणि पीक हाती येण्यास वर्षे जावी लागतात. म्हणून मिरी नेहमी व्यापाऱ्याच्या आणि राजाच्या मुठीत राहिली. मिरचीला यातले काही लागत नाही. बी टाकावे, महिना-सव्वा महिन्याने रोप उपटून लावावे आणि पुढे दोन-अडीच महिन्यांत तोडणीला यावे. परसात, बांधावर, सांडपाण्याच्या वाटेवर, कोठेही ती येते. मुंबईच्या चाळीत तर ती गॅलरीच्या कठड्याला बांधलेल्या तेलाच्या किंवा तुपाच्या रिकाम्या डब्यात आली. जिला जकात नाही आणि दलाल नाही, अशी ही पहिली तिखट वस्तू गरिबाच्या हाती लागली. नुसत्या भाकरीला चव आणण्याची शक्ती तिच्यात होती. शिवाय ताज्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० नंतरच्या वर्षांत हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात काढले ते तेथल्या मिरचीतूनच, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शेतावरच्या बाईला हे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु भाकरीबरोबर मिरची आणि कांदा खाण्याची तिची रीत चुकीची नव्हती, एवढे यावरून दिसते.

आता निखाऱ्याकडे वळू. उघड्यावर भाजून खाणे ही माणसाची सर्वांत जुनी पाककला. ‘बार्बेक्यू’ हा शब्द आज मोठ्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो. तोही मुळात त्याच कॅरिबियन बेटांवरचा आहे. लाकडी चौकटीवर मासळी आणि मांस ठेवून खालून विस्तव करण्याच्या रीतीला तेथे ‘बार्बाकोआ’ म्हणत. म्हणजे मिरची आणि हा शब्द हे एकाच गावचे रहिवासी. पण त्या शब्दासाठी आपली चूल थांबून राहिली नव्हती. थंडीत शेतावर गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसे भाजून हुरडा करावा आणि तो लसणीच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खावा, हे देशावरचे सुख. रायगडात वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात कोंबून, मडके उपडे घालून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. कोकणात सुका बोंबील निखाऱ्यावर धरून त्याची लसूण-मिरची घालून चटणी करतात. पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर शेगडीवर कणीस भाजणारा लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून कणसावर चोळतो. ते मकाही अमेरिकेतूनच आलेले. अशा रीतीने एका खंडातून निघालेली दोन पिके दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्यावर एका कोळशाच्या शेगडीवर पुन्हा भेटतात.

निखारा आणि मिरची यांचे नाते याहूनही जवळचे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली असे दाखविले की, सुमारे ४३ अंशांवरील उष्णता ज्या ग्राहकाच्या योगे आपल्या नसांना कळते, त्याच ग्राहकाला मिरचीतले तिखट द्रव्यही चेतविते. याबद्दल २०२१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. तेव्हा मिरची खाऊन ‘तोंड भाजले’ असे जे आपण म्हणतो, ते शरीराच्या हिशेबाने अगदी खरे आहे. विस्तव आणि मिरची एकाच दाराने आत येतात. आपल्या आज्यांनी या दोघांना फार पूर्वीच एकत्र आणले होते. दृष्ट काढताना मीठ-मोहरीबरोबर मिरची ओवाळून निखाऱ्यावर टाकण्याची चाल घरोघर होती. परदेशातून आलेले फळ नजर उतरविण्याच्या कामी लागावे, याहून त्याचे आपलेपण ते कोणते?

गावात लाकूड, गोवरी, काटक्या यांवर भागते. शहरात कोळसा लागतो, आणि येथूनच आपण गिरणगावात शिरतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा येथे भोंगे वाजू लागले आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे मुंबईत आली. दहा बाय बाराच्या एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक पुरुष राहात आणि पाळीपाळीने झोपत. अशा खोलीत लाकडाचा धूर करता येत नाही. लोणारी कोळसा धूर फारसा करीत नाही आणि वजनाच्या मानाने लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो. म्हणून चाळीच्या गॅलरीत शेगडी आली आणि नाक्यावर कोळशाची वखार आली. शेगडी पेटवायची ती बाहेर, आणि वर पांढरी राख धरली म्हणजे आत घ्यायची, हा नियम बायकांनी अनुभवाने बसविला. तरीही बंद खोलीतला कोळसा घातकच. त्याच्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही.

या एकट्या पुरुषांना जेवण मिळे ते खानावळीत. कोणाचा नवरा वारलेला, कोणाचा आजारी, कोणी स्वतः गिरणीतून कमी झालेली. अशा बायका आपल्याच खोलीत शेगडी मांडून दहा-वीस माणसांचे जेवण रांधीत. पैसे पगाराच्या दिवशी. त्या कोणाच्या मावशी होत्या, कोणाच्या आक्का. कोकणी माणसाला मालवणी मसाल्याचे कालवण हवे, घाटावरच्याला कांदा-लसूण मसाला आणि खरडा हवा. एकाच चाळीच्या दोन मजल्यांवर दोन जिल्हे जेवत.

आणि जेवायला वेळ किती? हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित विचारला जातो. सुरुवातीच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांपुरते नियम केले, परंतु प्रौढ कामगाराला त्यात काही नव्हते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. तिच्या मागण्या आजही वाचण्याजोग्या आहेत. रविवारी सुट्टी द्या, पगार वेळेवर द्या, अपघात झाल्यास मदत द्या आणि दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला. ज्याला आपण गिरणी कामगाराचे जेवण म्हणतो, ते या अर्ध्या तासात बसविलेले जेवण आहे. फडके सोडावे, भाकरी मोडावी, ठेचा लावावा, कांदा फोडावा आणि उठावे. तेथे पाच भाज्यांना जागा नव्हती. ठेचा मात्र चिमूटभर पुरे, सांडत नाही, आणि दुपारपर्यंत विटत नाही.

तो विटत का नाही, हेही पाहावे. मिरची तव्यावर जरा भाजली की पाणी आटते, मीठ घातले की उरलेले पाणी जंतूंच्या कामाचे राहात नाही, आणि तेल घातले की वरून हवा लागत नाही. याच तत्त्वावर गोव्यात मिरची माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटतात आणि ते वाटण मासळीच्या पोटात भरतात. अमेरिकेतील लुईझियाना प्रांतात १८६८ पासून मिरचीचा लगदा मिठात मुरवून, व्हिनेगर घालून बाटलीत भरतात, त्याचेही तत्त्व हेच. आपल्या गिरगावात खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन कुटुंबे उन्हाळ्यात मिरच्या आणि पुष्कळ जिन्नस भाजून, कुटून, बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरीत. ‘बॉटल मसाला’ हे नाव त्यावरूनच पडले. लालबागला आजही बाया रंगासाठी बेडगी, तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी अशी निवड करतात, गच्चीत दोन-तीन उन्हे देतात, देठे काढतात आणि मसाला डंकावर कुटून आणतात. घरागणिक प्रमाण वेगळे, आणि ते सहसा कोठे लिहिलेले नसते.

या बायकांचे ऋण चळवळीच्या हिशेबात पुरते मांडले गेले नाही, असे माझे मत आहे. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९७४ चा संप झाला. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपात पगार नसतो, आणि पगार नसला तर खानावळीचे पैसेही नसतात. तरीही शेगड्या पेटत राहिल्या, त्या उधारीवर. ती उधारी त्या बाईने वाण्याकडून आणि सावकाराकडून चढ्या व्याजाने उचललेली असे. म्हणजे पुढाऱ्यांनी भाषणे केली, कामगारांनी संप केला आणि व्याज भरले मावशीने. हे ओळखले प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या या कार्यकर्तीने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारणाला दागिना नसलेली बाई बँकेच्या दारात गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

साखळीतला एक माणूस मात्र उरतोच. तो म्हणजे कोळसा पाडणारा. रायगड-ठाण्याकडील कातकरी खैराच्या झाडापासून कात काढीत, म्हणून ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर जंगलावरचा त्यांचा हात आखडला आणि पुष्कळजण ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर गेले. भट्टी म्हणजे लाकडे रचून, वर पाला आणि माती लिंपून, हवा बेताची ठेवून कित्येक दिवस धुमसत ठेवलेला ढीग. कोठे भोक पडले तर सर्वांची राख होते, म्हणून रात्रीही जागावे लागते. चार-पाच किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा निघतो. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचे, तेव्हाही उचल फिटलेली नसायची. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तरी उचलीचा फास कायद्याने एका दिवसात सुटत नाही. गिरणी कामगाराने लढून अर्धा तास मिळविला. त्याची भाकरी ज्या कोळशावर भाजली जाई, तो पाडणाऱ्याला भोंगाही नव्हता आणि सुट्टीही नव्हती. आम्हा युनियनवाल्यांची नजर गिरणीच्या फाटकापलीकडे फार थोडी गेली, हे मान्य केले पाहिजे.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. त्यांच्या गच्चीवर सुट्टीच्या संध्याकाळी कोळशाची जाळी मांडली जाते, कुंडीतल्या मिरचीचा घरगुती सॉस वाटीत येतो, आणि त्यात वाईट काही नाही. मोकळ्या हवेत चार माणसांनी निखाऱ्याभोवती बसणे हे हुरड्याइतकेच जुने सुख आहे. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. धूर कमी होणे हिताचेच, कारण तो प्रथम भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाल्याने कोठून आणावा, आणि तिच्यावर राबणाऱ्याची रोजी मधल्या काळात कोणी द्यावी, हा प्रश्न धुराबरोबर उडून जात नाही.

शेवटी एक विनंती करतो. लोखंडे यांच्या मागण्या कागदावर राहिल्या, म्हणून आज मी त्या तुम्हांला सांगू शकलो. खानावळीच्या वह्या बहुतेक रद्दीत गेल्या. ज्या बायकांनी त्या चालविल्या, त्यांतल्या थोड्याच आता हयात आहेत. तुमच्या चाळीत, तुमच्या नात्यात अशी कोणी मावशी असेल तर या उन्हाळ्यात तिच्यापाशी जाऊन बसा. मसाल्यात मिरची किती, धने किती, हे तर लिहून घ्याच. त्याखाली हेही लिहा की, ती किती माणसांचे रांधीत होती, कोळशाचे पोते तिला कितीला पडे, आणि संपाच्या महिन्यांत तिचे किती पैसे बुडाले.