बुळकांडी गेली, मग लाळ्या-खुरकूत का जात नाही?

लसीकरणाचं पथक गावात आलं की एखादे आजोबा हमखास म्हणतात, "आमच्या वेळी बुळकांडीची लस टोचली की वर्षानुवर्षं बघावं लागत नव्हतं. आता दर सहा महिन्यांनी सुया कशाला?" प्रश्न अडाणीपणाचा नाही, फार नेमका आहे. म्हणून थोडा इतिहास लिहितो.

आज तिशीत असलेल्या शेतकऱ्याने बुळकांडी बघितलेलीच नाही. सणकून ताप, डोळ्या-नाकातून स्राव, तोंडात चट्टे, मग घाण वासाची रक्ताळलेली हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. रोग नवीन असलेल्या मुलखात दहातली आठ-नऊ जनावरं मरत. १८९० च्या आसपास आफ्रिकेत हेच झालं आणि इथिओपियात त्यापाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. आपल्याकडेही बैल मेला की नांगर, मोट, गाडी सगळंच थांबायचं. उत्तर हिंदुस्थानात तर कातड्यासाठी जनावरांना विष घालतात असा आळ चर्मकारांवर यायचा. रोग सापडत नव्हता, गरीब माणूस मात्र लगेच सापडायचा!

यात पुण्याचा धागा फार थोड्यांना माहीत आहे. ९ डिसेंबर १८८९ ला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. संसर्गाशी काम म्हणून १८९३ मध्ये ती वस्तीपासून लांब, कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. आजच्या आयव्हीआरआय या संस्थेचं मूळ ते हेच. तिथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेत गायी-बैलांसाठी सौम्य केला. लस स्वस्त पडली आणि तिचा असर वर्षानुवर्षं टिकायचा. १९५४ पासून देशभर मोहीम चालली. पुढे वॉल्टर प्लॉराइट यांची केनियात तयार झालेली लस आली, ती संकरित गायींनाही सोसायची.

भारतात शेवटचा उद्रेक १९९५ चा. त्यानंतर लस मुद्दाम बंद केली, कारण टोचत राहिलं तर रोग खरोखर गेला की नुसता दबलाय हे कळणार कसं? मला या सगळ्यात हाच निर्णय सर्वांत धाडसाचा वाटतो. २००६ मध्ये भारताला रोगमुक्त दर्जा मिळाला आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

आता आजोबांचा प्रश्न. बुळकांडीचा विषाणू लसीच्या दृष्टीने एकाच जातीचा होता, वाचलेलं जनावर जन्मभर सुरक्षित राहायचं आणि रोग लपवून फिरायचं नाही. लाळ्या-खुरकूतचं सगळंच उलटं आहे. भारतात त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, आणि एकाची ताकद दुसऱ्याला चालत नाही. लसीचा असर साधारण सहा महिन्यांत ओसरतो. बरं झालेलं जनावरही घशात विषाणू घेऊन महिनोनमहिने हिंडू शकतं. शेळ्या-मेंढ्या, डुकरं यांनाही तो होतो. गाडीच्या चाकाला, माणसाच्या चपलेला चिकटूनही पसरतो. तेव्हा लस बदलली म्हणून सुया वाढल्या असं नाही, रोगच वेगळा आहे.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडच्या बैलजोड्या ऊसतोडीला निघतील आणि कारखान्याच्या तळावर दहा गावांची जनावरं एकत्र येतील. निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. लस मोफत आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात आत्ताच विचारा. कानात बिल्ला नसेल तर तोही त्याच वेळी मारून घ्या.