जबर जामीन आणि क्रूर शिक्षा

जबर जामीन, अवाच्या सवा दंड आणि क्रूर शिक्षा नकोत, असे इंग्रजांनी १६८९ च्या फेब्रुवारीत राजासमोर वाचून दाखविले. यामागे ज्यांचे हाल होते त्यांत टायटस ओट्सही होता, आणि तो तर पक्का लबाड! त्याच्या खोट्या साक्षींनी निरपराध माणसे फासावर गेली. १६८५ साली न्यायाधीश जेफ्रीज याने त्याला दंड, जन्मठेप, दरवर्षी खोडा आणि लंडनच्या रस्त्यांतून दोन वेळा फटके, अशी शिक्षा ठोठावली. अशा माणसाची कणव आम्हांला तरी कोठून येणार? पण कलमाची खरी कसोटी येथेच लागते, असे आम्हांला वाटते. लॉर्डांच्या सभेने त्याच १६८९ साली ओट्सची शिक्षा कायम केली! इंग्रजी कलमात ‘नसावे’ एवढेच होते. अमेरिकेने १७९१ साली आठव्या दुरुस्तीत त्याचे ‘असणार नाही’ केले.