वॉरफॅरिन व चिंताविकारावरील औषधे : आंतरक्रिया

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या, एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांना वॉरफॅरिन किंवा त्याच कुळातले ॲसेनोकुमारॉल देतात. बोलीभाषेत ही ‘रक्त पातळ करायची गोळी’. अशा रुग्णाला चिंताविकारासाठी सेरोटोनिनवर काम करणारे औषध सुरू झाले, तर रक्तस्रावाचा धोका दोन वेगळ्या वाटांनी वाढू शकतो. एक वाट यकृतातून जाते आणि पीटी-आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासणीत दिसते. दुसरी बिंबाणूंमधून (प्लेटलेटमधून) जाते आणि त्या तपासणीत दिसतच नाही. गफलत होते ती या दुसऱ्या वाटेवर.

वॉरफॅरिनचे मूळ गुरांच्या चाऱ्यात आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळे केले आणि त्याच संशोधनातून पुढे वॉरफॅरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून विकले जाऊ लागले. १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. यकृतात व्हिटॅमिन केचा पुनर्वापर ते रोखते, त्यामुळे रक्त गोठवणारे २, ७, ९ व १० क्रमांकांचे घटक नीट तयार होत नाहीत. आयएनआर बहुतेकांसाठी २ ते ३ आणि मिट्रल जागी यांत्रिक झडप असल्यास २.५ ते ३.५ ठेवतात. इतक्या अरुंद पट्ट्यात चालणाऱ्या औषधाला दुसऱ्या औषधाचा थोडासा धक्काही पुरतो.

यकृतातला धक्का असा. वॉरफॅरिनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू असतात. त्यांतला एस-रेणू तीन ते पाचपट प्रभावी, आणि त्याचा निचरा मुख्यतः सीवायपी२सी९ हे एंझाइम करते. मंत्रचळासाठी व काही चिंताविकारांत दिले जाणारे फ्लुव्होक्सामिन वॉरफॅरिनचा निचरा करणाऱ्या एंझाइमांना अडवते. दोन आठवडे सोबत दिल्यावर वॉरफॅरिनची रक्तातली पातळी ९८ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ दुप्पट, वाढल्याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. फ्लुऑक्सेटिनही अडथळा आणते. सर्ट्रालिन, सिटॅलोप्रॅम व एस्सिटॅलोप्रॅम यांचा या बाबतीत परिणाम किरकोळ असतो, त्यामुळे हृदयरुग्णासाठी निवड सहसा यांतूनच होते. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या नैराश्यग्रस्त रुग्णांत सर्ट्रालिन हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचे २००२ च्या सॅडहार्ट चाचणीत आढळले होते.

मात्र ‘निचऱ्यात अडथळा नाही’ याचा अर्थ ‘आंतरक्रिया नाही’ असा होत नाही. बिंबाणू स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत. रक्तातले सेरोटोनिन ते पेशीपटलावरच्या वाहकामार्फत आत ओढतात आणि साठवून ठेवतात. रक्तवाहिनी फाटली की तो साठा बाहेर पडतो, इतर बिंबाणू गोळा व्हायला मदत होते आणि वाहिनी आकसते. फ्लुव्होक्सामिनपासून एस्सिटॅलोप्रॅमपर्यंतची वरची सगळी औषधे एसएसआरआय गटातली, आणि हा गट नेमका हाच वाहक बंद करतो, कारण मेंदूतल्या चेतापेशींवरही तोच वाहक असतो. काही आठवड्यांत बिंबाणूंमधला साठा ओसरतो. एरवी निरोगी माणसाला याने फार तर सहज काळेनिळे डाग पडतील. वॉरफॅरिन घेणाऱ्यात मात्र गोठण्याचे घटकही कमी आणि बिंबाणूही मंद, अशी दुहेरी उणीव होते.

आयएनआर बिंबाणूंची ही उणीव का दाखवत नाही? प्रयोगशाळेत ही तपासणी करताना नमुना यंत्रात फिरवून पेशी आणि बिंबाणू बाजूला काढतात व उरलेल्या प्लाझ्माला गोठायला किती वेळ लागतो ते मोजतात. ज्यांच्यात बिघाड झाला आहे तेच तपासणीतून वगळलेले असतात. आकडा २.५ आला म्हणून रुग्ण निर्धास्त होतो, पण हिरड्यांतून येणारे रक्त, वारंवार फुटणारा घोळणा किंवा डांबरासारखी काळी शौच या खुणा त्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. एट्रियल फिब्रिलेशनच्या ब्रिटिश रुग्णांवरील २०२४ मधील एका मोठ्या अभ्यासात रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत एसएसआरआय घेणाऱ्यांत मोठ्या रक्तस्रावाचा धोका सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक दिसला, आणि पहिल्या महिन्यात तो सर्वांत जास्त होता. यावरून ही जोडी निषिद्ध ठरत नाही. सुरुवातीचे आठवडे जपण्याचे ठरतात. त्यातच गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी पडली, की जठरातून रक्तस्रावाची शक्यता आणखी वाढते.

चिंतेवरच्याच अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या आयएनआर फारसा हलवत नाहीत. त्यांचा धोका तोल जाण्याचा आहे. रात्री बाथरूमला उठलेला वृद्ध रुग्ण पडला आणि डोक्याला मार लागला, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना कवटीच्या आत रक्त साचू शकते.

गुठळी टाळण्यासाठी बिंबाणूंना रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचे गणित उलटे आहे. हे औषध यकृतात सीवायपी२सी१९ एंझाइममुळे सक्रिय होते आणि फ्लुव्होक्सामिन तेच एंझाइम अडवते. म्हणजे इथे गुठळीपासूनचे संरक्षणच घटू शकते.

अपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन अशा नव्या औषधांना आयएनआरचा जाच नसला, तरी बिंबाणूंची अडचण त्यांच्यासोबतही उरतेच. शिवाय यांत्रिक झडपेच्या रुग्णांना ती चालत नाहीत. भारतात ही गोष्ट मोठी आहे. ऱ्हुमॅटिक हृदयरोगामुळे तरुणपणीच झडप बदलावी लागलेले रुग्ण इथे पुष्कळ आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वदेशी झडप १९९० पासून वापरात आहे. ऱ्हुमॅटिक रोगातील एट्रियल फिब्रिलेशनमध्येही २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा जुन्या गटाचीच औषधे सरस ठरली. या रुग्णांना पुढची अनेक वर्षे वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमारॉलच घ्यायचे असते.

चिंता स्वतःही आयएनआर बदलते. जेवण तुटते, एसएसआरआयच्या पहिल्या दिवसांत मळमळ होते, मेथी-पालकाच्या भाज्या ताटातून जातात आणि व्हिटॅमिन के कमी पडून आकडा चढतो. भूक परतली की तो पुन्हा उतरतो. मानसिक स्वास्थ्यासाठी परदेशातून मागवली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी यकृतातली एंझाइम वाढवून वॉरफॅरिनचा परिणाम घटवते.

औषध सुरू करताना, मात्रा बदलताना आणि थांबवतानाही आयएनआर लवकर तपासतात. फ्लुव्होक्सामिन बंद केल्यावर अडवलेला निचरा मोकळा होऊन आकडा खाली येतो. फ्लुऑक्सेटिनचा सक्रिय अवशेष मात्र शरीरात आठवडेच्या आठवडे राहतो, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर महिनाभर तरी तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.